वास शेपटीत असतो
(पोटावरची पिशवी : भाग ६)

गेल्या आठवड्यात स्टोमाभोवतीच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीच्या, कातडीबद्दल लिहिलं. आज वास.

कोलोस्टॉमीचं ऑपरेशन होऊन (आता शी पोटावरच्या पिशवीत जमते) मी घरी आलो, तेव्हापासून माझ्या खोलीत सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागायला लागली. कुणी काही बोललं नाही. एरवी आमच्याकडे उदबत्ती फक्त देवापुढे लागते, त्यामुळे मला काय समजायचं ते समजलं. उदबत्तीने वास जातही नाही. एकाचे दोन होतात.

आताच्या पिशव्यांचं प्लास्टिकच वास अडवणारं असतं. पिशवी नीट बसली असेल, तर शेजारच्या माणसाला पत्ताही लागत नाही. वास येतोय म्हणजे एक तर फ्लँजची, म्हणजे पोटाला चिकटणाऱ्या चकतीची, कड सुटलीय, नाहीतर खालचं तोंड, ज्याला आम्ही शेपटी म्हणतो, ते बरबटलंय. बहुतेक वेळा शेपटीच. रिकामी करण्याआधी तिचं तोंड पायमोज्याच्या काठासारखं बाहेर दुमडायचं. काम झालं की टिश्यूने आतून-बाहेरून दोन बोटं लांबीपर्यंत पुसायचं, दुमड सोडायची, मग क्लिप. मी तीन महिने नुसतं बाहेरून पुसत होतो आणि दोष पिशवीला देत होतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. वजनाने फ्लँज ओढली जाते आणि गळती तिथूनच सुरू होते.

आता स्वयंपाकघर. पांढरं व्हिनेगर कामाचं आहे. युरोस्टॉमीवाल्यांनी, म्हणजे ज्यांची लघवी पिशवीत येते त्यांनी, रात्रीची लघवीची पिशवी एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी अशा मिश्रणाने धुवावी. आमच्यासारख्यांनी दोन भागांची पिशवी (फ्लँज वेगळी, पिशवी वेगळी) असेल तर ती काढून त्याच पाण्याने खळबळून घ्यावी. काही जण पिशवीत चिमूटभर खायचा सोडा टाकतात. टाका, पण दोन्ही एकदम नको. सोडा आणि व्हिनेगर भेटले की वायू सुटतो आणि शर्टाखाली फुगा तयार होतो. खोबरेल तेलाचे चार थेंब आत चोळले तर शी चिकटून न राहता खाली घसरते. फ्लँजच्या डिंकाला मात्र तेलाचं बोट लावू नका, तो सुटतो.

दोन गोष्टी सांगूनही लोक करतात. एक, पिशवीत ऍस्पिरिनची गोळी टाकणं. ती स्टोमाच्या ओल्या अस्तराला लागून जखम होते, रक्त येतं. दुसरी, हवा जावी म्हणून टाचणीने भोक पाडणं. ज्या प्लास्टिकने वास अडतो त्यालाच भोक! हवेसाठी कोळशाचा फिल्टर असलेली पिशवी मिळते, ती मागा.

ताक आणि दही काही जणांना मानवतं, मलाही. लसूण, कोबी, अंडी, मासे यांनी वास वाढतो. पण सगळं एकदम बंद केलं तर कशाने वाढतो ते कळणार कसं? एकेक पदार्थ दोन-तीन दिवस सोडून बघावा. मला अंडं चालतं, सुके बोंबील नाही. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की आदल्या दिवशी ते मी खात नाही. बाकी दिवशी खातो, आणि रिकामी करताना खिडकी उघडतो.