माठातला बुळबुळीत थर

पाण्याचा माठ चार-आठ दिवस घासला नाही, तर आतून हात फिरवताच तो बुळबुळीत लागतो. नुसता विसळून हा बुळबुळीतपणा जात नाही. काथ्याने घासावेच लागते. असे का होते?

पाण्यात सुटे तरंगणारे जिवाणू ओल्या पृष्ठभागाला टेकतात. सुरुवातीला त्यांची पकड सैल असते. मग ते स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवू लागतात. यात प्रामुख्याने बहुशर्करा व प्रथिने असतात. या द्रव्यात जिवाणूंची संख्या वाढते, इतर जातींचे जिवाणूही येऊन मिसळतात आणि थर जाड होतो. यालाच जैवपटल म्हणतात. त्यात पाण्याच्या बारीक वाटा असतात. त्यांतून अन्न आत येते व टाकाऊ पदार्थ बाहेर जातात. पुढे काही जिवाणू सुटून नव्या जागी वस्ती करतात.

आपल्या दातांवरही असाच थर साचतो. लेव्हेनहूकने 1683 साली तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्हिनेगरने दात धुतल्यावर थरातले वरवरचे जीव मेले, आतले मात्र जिवंत राहिले, हेही त्याच्या ध्यानात आले.

जैवपटलाची खरी अडचण हीच आहे. क्लोरीनसारखे जंतुनाशक वरच्या थरातच खर्ची पडते. प्रतिजैविकांचेही काहीसे असेच होते. शिवाय आतल्या जिवाणूंना अन्न व ऑक्सिजन कमी मिळत असल्याने त्यांची वाढ मंदावते आणि अनेक प्रतिजैविके तर वाढत्या जिवाणूंवरच प्रभावी ठरतात. म्हणून कॅथेटर किंवा कृत्रिम सांध्यावर जैवपटल जमले, तर औषधाने ताप उतरतो, पण काही दिवसांनी पुन्हा येतो. अशा वेळी ती वस्तूच काढावी लागू शकते.

कारखान्यांनाही याचा उपद्रव होतो. उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांत थर जमला की उष्णता नीट वाहत नाही. लोखंडी नळात थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. तेथे सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवणारे जिवाणू वाढतात व लोखंड गंजते. जहाजाच्या तळावरच्या थरामुळे पाण्याचा विरोध वाढतो व इंधन जास्त जळते.

पण हाच थर आपल्या उपयोगीही पडतो. पाणी शुद्ध करणाऱ्या मंद वाळूगाळणीत वाळूच्या वरच्या भागातले जैवपटल जंतू व सेंद्रिय द्रव्ये अडवते. सांडपाणी दगडांवरून झिरपवतात, तेथेही दगडांवरचे जिवाणूच घाण खाऊन टाकतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. तळ्याच्या पाण्यात दोऱ्याने काचपट्टी टांगून ठेवा. आठवड्याने ती काढून स्वच्छ पाण्यात अलगद बुडवा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सुटे जीव धुऊन जातात, चिकटलेले तसेच राहतात. दुसरी पट्टी ब्रशने घासून पाहा व दोन्हींची तुलना करा. नंतर हात साबणाने धुवायला विसरू नका.

यावरून शाळेच्या पाण्याच्या टाकीबाबतही एक धडा मिळतो. टाकी न घासता नुसती ब्लीचिंग पावडर टाकली, तर वरचे जिवाणू मरतात, खालचे टिकून राहतात. म्हणून आधी टाकी घासावी, मगच पावडर टाकावी.