लष्करी नवनिर्मिती व व्यापारी तंत्रविद्या उद्योग

नागरी बाजारपेठेसाठी विकसित झालेली तंत्रविद्या लष्करी उपयोगाकरिता अल्प काळात मिळावी, म्हणून संरक्षण खाते व खाजगी उद्योग यांच्यात होणाऱ्या सहकार्याचा विचार या विषयात होतो. अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

१९६०–७० या दशकाच्या पूर्वार्धात नव्या इलेक्ट्रॉनीय तंत्रविद्येचे प्रमुख ग्राहक अमेरिकेचे शासन हेच होते. संकलित मंडलांच्या (सिलिकॉनाच्या एकाच तुकड्यावर अनेक घटक सामावणाऱ्या विद्युत् मंडलांच्या) प्रारंभीच्या उत्पादनाचा मोठा भाग मिनिटमन-२ क्षेपणास्त्र आणि अपोलो अवकाशयान यांच्या मार्गनिर्देशक संगणकांसाठी खपला. या निश्चित मागणीमुळे उत्पादन वाढून किमती उतरल्या. पुढे नागरी बाजारपेठ लष्करी मागणीपेक्षा कितीतरी मोठी झाली व संशोधनातील पुढाकारही व्यापारी कंपन्यांकडे गेला. लष्करी खरेदी मात्र गरजेची निश्चिती, अर्थसंकल्पीय तरतूद, निविदा व चाचण्या अशा क्रमाने वर्षानुवर्षे चालत राहिली. परिणामी साधन हाती येईपर्यंत ते कालबाह्य ठरू लागले आणि लहान कंपन्या या व्यवहारापासून दूर राहिल्या.

हे अंतर कमी करण्यासाठी संरक्षणमंत्री ॲश्टन कार्टर यांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे एक प्रायोगिक कार्यालय उघडले. तेच पुढे ‘डिफेन्स इनोव्हेशन युनिट’ या नावाने स्थिर झाले. हे कार्यालय साधनाचा तपशीलवार आराखडा न देता केवळ अडचण जाहीर करते. कंपन्या आपापले उपाय थोडक्यात मांडतात. निवड झाल्यावर ६० ते ९० दिवसांत आदिरूपाचा (प्राथमिक नमुन्याचा) करार करण्याचे उद्दिष्ट असते. नेहमीच्या खरेदी-नियमांबाहेरील अशा करारांचा अधिकार प्रथम १९५८ च्या कायद्याने ‘नासा’ला मिळाला होता, संरक्षण खात्यास तो १९८९ पासून मिळाला. निवड स्पर्धेने झालेली असेल व आदिरूप यशस्वी ठरेल, तर नव्या निविदांवाचून उत्पादनाचा करार करता येतो.

या पद्धतीचे एक उदाहरण कतारमधील अल्-उदेद हवाई तळावरील आहे. हवेत इंधन भरण्याचे दैनंदिन नियोजन तेथे २०१६ पर्यंत फळ्यावर हाताने केले जाई. पिव्होटल या कंपनीच्या साहाय्याने काही महिन्यांत तयार झालेल्या संगणकीय आज्ञावलीमुळे या कामाचा वेळ पुष्कळ घटला.

तथापि करार त्वरित होणे म्हणजे साधन सैनिकाच्या हाती पडणे नव्हे. आदिरूप यशस्वी होऊनही मोठ्या खरेदीसाठी अर्थसंकल्पात तरतूद नसल्यास प्रकल्प मध्येच थांबतो व लहान कंपनीस तग धरणे कठीण जाते. दुसरा प्रश्न नैतिक उत्तरदायित्वाचा आहे. ड्रोनने टिपलेल्या चित्रणाचे संगणकाद्वारे विश्लेषण करण्याच्या ‘मेव्हन’ प्रकल्पास (२०१७) गूगलच्या ३,००० हून अधिक कर्मचाऱ्यांनी २०१८ मध्ये लेखी विरोध केला. त्यानंतर कंपनीने कराराचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. प्रकल्प मात्र अन्य कंपन्यांच्या साहाय्याने चालू राहिला. शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न वापरण्याचे त्या वेळी प्रसिद्ध केलेले वचन गूगलने २०२५ मध्ये आपल्या तत्त्वांतून वगळले. म्हणजे अशा उपयोगाची मर्यादा केवळ कंपनीच्या स्वेच्छेवर सोपविल्यास ती टिकेलच, अशी खात्री नसते. ती कायद्याने व लोकप्रतिनिधींच्या देखरेखीने घालावी लागते.

भारतात याच हेतूने २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ ही योजना सुरू झाली. तीत सेनादले आपल्या अडचणी जाहीर करतात व निवडलेल्या नवोद्योगांना आदिरूपासाठी अनुदान मिळते. तेथेही यशाची खरी कसोटी आदिरूपांची संख्या ही नसून त्यानंतर होणारी प्रत्यक्ष खरेदी हीच आहे.