वाटसरूस हात देण्यास भय कोणाचे?

उन्हाळा लागला म्हणजे दुकानापुढे रांजण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास पाणी पाजावे, ही चाल आपल्या पेठांत जुनी आहे. पाणी पिणाराची जात विचारली जात असे, आणि १९२७ साली महाडास चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ही लाजेची गोष्टही तितकीच खरी. तथापि परक्यासाठी हात पुढे करण्याची बुद्धी आपल्या लोकांत नाही, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यातून घरी चालत निघालेल्या हजारो अनोळखी माणसांस मुंबईकरांनी घराची दारे उघडून चहा व आसरा दिला. त्यासाठी सरकारी हुकूम निघाला नव्हता.

मग हीच माणसे शिरवण्याजवळून जाणाऱ्या शीव-पनवेल महामार्गावर कोणी रक्तबंबाळ पडलेला दिसला असता वाहन हळू करून, क्षणभर पाहून पुढे का जातात? १९७० नंतर सिडकोने ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसविली, त्यांपैकी शिरवणे हे एक. एके काळी जेथे प्रत्येक चेहरा ओळखीचा होता, तेथे आज रस्त्यावरचा बहुतेक माणूस परका आहे. परंतु केवळ परकेपणाने मन इतके कठोर होत नाही. आमच्या वकिलीच्या अनुभवावरून सांगतो, येथे निर्दयता थोडी आणि धास्ती फार आहे. पोलीस नाव लिहून घेतील, रुग्णालय अनामत मागेल, कोर्टाच्या तारखा पडतील, दुकान बुडेल!

ही धास्ती एके काळी अगदीच खोटी नव्हती. मोटारीने उडविलेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने ‘हे पोलिसांचे प्रकरण’ म्हणून वीस किलोमीटर दूर धाडले आणि तो वाटेतच मेला, ही हकीकत परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. त्यावर १९८९ साली न्यायालयाने निक्षून सांगितले की, आधी उपचार, मग कागद. पुढे ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने जखमीस साह्य करणाराच्या रक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करताना हातून चूक झाली, तरी दिवाणी वा फौजदारी दावा त्याजवर चालत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याला कोणी करू शकत नाही. तो आपखुशीने साक्षीदार झाला, तर त्याची जबानी त्याच्या सोयीच्या ठिकाणी, म्हणजे घरी अथवा पेढीवरही, घेतली पाहिजे. आणि तीही पोलिसाने साध्या वेषात येऊन. आमच्या व्यापारी वाचकांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी.

सरकारने २०२१ पासून अशा मदतकर्त्यास ५,००० रुपयांचे बक्षीस ठेविले व २०२५ साली ते २५,००० केले. बक्षिसास आमचा विरोध नाही; पण पाणी पाजणारास कोणी पैसे देत नव्हते, तरी रांजण भरलेलेच असत. पैशाच्या लोभाने माणूस थांबेल की नाही याची आम्हांस शंका आहे. भय गेल्यास मात्र तो खास थांबेल, आणि भय जावयाचे तर कायदा लोकांस ठाऊक पाहिजे. येथेच खरी उणीव आहे. मदतकर्त्याच्या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी अथवा दुसऱ्या ठळक जागी हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत लावली पाहिजे, असा नियम २०२० पासून आहे. स्थानिक भाषा म्हणजे आपल्याकडे मराठी, आणि ठळक जागा म्हणजे कारकुनाच्या कपाटामागची भिंत नव्हे. शिरवणे, जुईनगर व नेरूळ येथील आमच्या वाचकांनी पुढच्या खेपेस रुग्णालयात जाताना ती सनद दाराशी अथवा ठळक जागी दिसते काय ते पाहावे, आणि न दिसल्यास व्यवस्थापकास तेथल्या तेथे विचारावे.