नरसीला वीस मिनिटं पुरत नाहीत

शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या यात्रेच्या बसचं गणित ठरलेलं असतं. रात्रीची जेवणं उरकून गाडी सुटते. यादीत माहूर, औंढा, नांदेड अशी मोठी नावं असतात आणि वाटेवरचंच म्हणून नरसी नामदेव मधेच कुठंतरी बसवलेलं असतं. गाडी कयाधूच्या काठी थांबते. आयोजक दारात उभा राहून बजावतो, ‘वीस मिनिटं हं, चहा पुढं घेऊ!’ मंडळी चपला गाडीतच ठेवून पळत सुटतात, हात जोडतात, फोटो काढतात. डोकी मोजली जातात आणि गाडी हलते.

हे दुखणं एकट्या नरसीचं नाही. इटलीतल्या व्हेनिस या कालव्यांच्या शहरानं सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना कंटाळून २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क लावलं. गावात मुक्काम करणाऱ्यांना मात्र ते माफ आहे. नरसीत असं शुल्क नको, पण त्यामागचा विचार आपल्याला घेण्यासारखा आहे. धावत्या पाहुण्याच्या पदरी काही पडत नाही आणि गावाच्याही.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म नरसीत, दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी, १२७० साली कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. आषाढी करून आलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, इथं लोटतात. ही परतवारी. ती केल्याशिवाय पंढरीची वारी पुरी होत नाही, असं या भागात मानतात. ज्या गावात वारीची सांगता होते, ते वाटेवरचा थांबा कसं ठरेल?

म्हणून यादीचा क्रम बदला. पहिल्या दिवशी सकाळी नरसी. तिथून हिंगोली १७-१८ किलोमीटर आणि हिंगोलीहून औंढा साधारण २५ किलोमीटर. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं तर अरुंद पायऱ्यांनी वाकून, जवळजवळ बसूनच भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्यांना ही कल्पना आधीच द्या. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते आणि नामदेवांनी ते पाय जिकडं हलवले तिकडं पिंडी उमटली, ही कथा इथलीच. नामदेवांना गुरू भेटला तो इथं. देवळाचा नंदी मागच्या बाजूला का, याचंही उत्तर लोक नामदेवांच्या कीर्तनाच्या कथेनं देतात: त्यांना मागं जायला सांगितलं, तेव्हा देऊळच फिरलं.

दुसरा दिवस नांदेडचा. नरसीहून नांदेड शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पंजाबातल्या घुमानपर्यंत गेलेल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १७०८ साली नांदेडलाच गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथाला गुरूपद दिलं. म्हणजे नरसीच्या शिंप्याच्या मुलाची वाणी ज्या ग्रंथात आहे, तो त्याच्या जन्मगावापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर गुरू झाला. नरसीत गुरुद्वारा का आहे आणि शीख यात्रेकरू तिथं का येतात, ते यावरून कळतं. जन्म, गुरू आणि ग्रंथ या क्रमानं गेलं की तीन सुटी ठिकाणं एका माणसाची गोष्ट होतात. वेगवेगळ्या दिवशी उलटसुलट पाहिली तर फक्त तीन देवळं राहतात.

आता गाडीचं. पूर्ण बस हवी असेल तर जवळच्या एसटी आगारात जाऊन प्रासंगिक करार करता येतो. मात्र मंडळात बायका आणि वयस्कर माणसं जास्त असतील, तर नेहमीच्या एसटीचा हिशेब आधी मांडून पाहा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी अकोला-पूर्णा मार्गावर हिंगोली डेक्कन हे स्थानक आहे. मुक्कामाची चौकशी निघण्यापूर्वी करा. नरसीत सोय झाली नाही तर हिंगोलीत उतरता येतं. एकादशी आणि परतवारीच्या दिवशी गर्दी प्रचंड असते. निवांत पाहायचं असेल तर तो काळ टाळा, वारी अनुभवायची असेल तर तोच काळ धरा.

पुढच्या वेळी सहलीचा कागद हाती येईल, तेव्हा नरसीपुढचा वेळ आधी वाचा. अर्ध्या तासाहून कमी असेल तर आयोजकाला सांगून यादीतलं एक ठिकाण कमी करून घ्या. पाचाऐवजी चार ठिकाणं पाहिली म्हणून पुण्य घटत नाही.