हक्क की उपकार?

गावात कोणाला घरकुल मिळाले, विहिरीचे अनुदान मंजूर झाले, की 'तात्यांनी करून दिले' असे आपण सहज म्हणतो. वास्तविक पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपल्याच करांतला. पण हक्काची वस्तू उपकार म्हणून पदरात पडली की घेणाऱ्याची मान कायमची खाली जाते. लाचलुचपतीत पैसा जातो हे सर्वांना कळते. त्याबरोबर बोलण्याची हिंमतही जाते, हे मात्र लवकर ध्यानात येत नाही.

दाखल्यासाठी ज्याने चहापाणी दिले, तो दुसऱ्याच्या चहापाण्याविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार? ज्याने दिले नाही, त्याला उद्याचे काम अडेल ही धास्ती. उरलेले 'तळे राखी तो पाणी चाखी' म्हणून गप्प. असा सारा गाव मुका झाला, की चौघे मिळून कारभार हाकतात.

याचा प्रत्यय ग्रामसभेत येतो. आपल्या राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला हजेरीची अटच नसते! म्हणजे 'आपण बरे, आपले काम बरे' म्हणून घरी बसणारा तटस्थ राहत नाही. तो न बोलता संमतीच देतो.

मग करावे काय? एकट्याने प्रश्न विचारला तर तो डोळ्यांवर येतो. म्हणून आळीतल्या दहा जणांनी मिळून जावे. लाभार्थ्यांची यादी आणि जमाखर्च सभेत वाचून दाखवायला सांगावा. आपला प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे पाहावे. भगिनींनी ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत पाण्याचा, रेशनचा प्रश्न मांडावा. उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला, की साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आणि घरकुलाचा हप्ता हाती आला, तर मुलांना एवढे जरूर सांगावे, की हा आपला हक्क होता. हे ज्या घरात कळले, त्या घरातला माणूस सभेत मान वर करून बसेल. गाव करी ते राव न करी. पण त्यासाठी गावाने आधी बोलले पाहिजे.