नावाची सायकल आणि कामाची सायकल

जुन्या वस्तूंचा बाजार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. परंतु अभ्यासकाला तो पुष्कळ काही शिकवितो. गेल्या काही वर्षांत या बाजारात जुन्या सायकलींना मानाचे स्थान लाभले आहे. काल-परवापर्यंत माळ्यावर किंवा परसात गंजत पडलेल्या काळ्या, दांडीच्या, सळईच्या ब्रेकच्या सायकलींच्या शोधात आता दूरदूरहून गिऱ्हाईक येते. रॅले, हंबर, रज, फिलिप्स, हर्क्युलस, बी.एस.ए. ही नावे उच्चारताना साठी उलटलेल्या माणसाचा स्वर आजही हळवा होतो. हंबरचा दुहेरी नळ्यांचा फोर्क, ब्रुक्सची चामडी सीट, स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब यांविषयी ज्या आदराने बोलले जाते, तो आदर एखाद्या घराण्याच्या गवयालाच मिळावा.

हा हळवेपणा खोटा आहे, असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. आमच्याही घरी अशी एक सायकल आहे आणि तिच्यामुळेच हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला. वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७४ साली त्यांनी हप्त्यांवर रॅले सायकल घेतली. तिची किंमत त्यांच्या एका महिन्याच्या पगाराहून थोडी अधिकच होती. तिच्यावरील ब्रुक्सची सीट मात्र त्यांनी पुढे मिरजेच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडून जुनी विकत घेतली. या सायकलीवरून त्यांनी सत्तावीस वर्षे शाळेची वाट तुडविली. तिच्या पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मी बसत असे आणि पाय बधिर झाले तरी उतरावेसे वाटत नसे.

मागील हिवाळ्यात जुन्या सायकली जमविणारे एक गृहस्थ आमचा पत्ता शोधीत आले. दूरध्वनीवर त्यांनी वीस हजार रुपयांची भाषा केली होती. प्रत्यक्षात त्यांनी सायकल उताणी केली, फडक्याने माती पुसली, खालचे अक्षर न् अक्षर वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "सर, ही नॉटिंगहॅमची नाही, असनसोलची आहे." वीस हजारांचे आठ हजार झाले. थोड्या वेळाने, सबंध सायकल नकोच, नुसती सीट आणि डायनमोचा दिवा द्या, चार हजार देतो, असा त्यांनी प्रस्ताव ठेवला.

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पण रागाचे कारण शोधू गेलो तेव्हा लक्षात आले, की प्रश्न त्या गृहस्थांच्या सचोटीचा नव्हता. त्यांनी बाजारातील खरा भाव सांगितला होता. प्रश्न असा, की त्याच नावाची आणि त्याच घडणीची वस्तू इंग्लंडऐवजी बंगालात तयार झाली म्हणून तिची किंमत निम्म्याहून खाली का यावी? आपण नेमके कशासाठी हळवे होत आहोत? सायकलीसाठी, की तिच्यावर कोरलेल्या परक्या गावाच्या नावासाठी?

या प्रश्नाचे उत्तर थोड्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात सायकल म्हणजे प्रामुख्याने विलायती माल. बी.एस.ए. ही तीन अक्षरे मूळची 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' या बंदुकांच्या कारखान्याची. त्यांच्या चिन्हावरील तीन बंदुका पुष्कळांना आठवत असतील. १९३९ साली मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्सने हर्क्युलस, तर असनसोलजवळ कन्यापूर येथे सेन-रॅलेने रॅले बनविण्यास प्रारंभ केला. नावे विलायती राहिली, कामगार, पोलाद आणि रस्ते आपले झाले. याच काळात सोनीपतला अ‍ॅटलास आणि लुधियान्यात एव्हन व पुढे १९५६ साली हिरो हे कारखाने उभे राहिले.

यानंतर जे घडले ते औद्योगिक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. ज्यांची नावे मोठी होती ते कारखाने आजारी पडले. १९८० साली संसदेला 'हिंद सायकल्स लिमिटेड आणि सेन-रॅले लिमिटेड (राष्ट्रीयीकरण)' असा कायदाच करावा लागला आणि ते दोन्ही उद्योग सरकारच्या गळ्यात आले. उलट, लुधियान्याच्या हिरोची १९८६ साली जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. इंग्लंडातही नावाने कारखान्याला तारले नाही. नॉटिंगहॅममधील रॅलेचे उत्पादन २००२ साली बंद पडले. म्हणजे ज्या नॉटिंगहॅमसाठी आमची असनसोलची सायकल कमअस्सल ठरली, त्या नॉटिंगहॅममध्येही आता ती सायकल बनत नाही.

लुधियाना का टिकले? एकच कारण देणे धाडसाचे ठरेल. परंतु एक कारण प्रत्येक सायकल-मिस्त्रीला ठाऊक आहे. लुधियान्यात सायकल एका छपराखाली बनत नव्हती. एका गल्लीत हब, दुसरीत फ्रीव्हील, तिसरीत पायडल, चौथीत स्पोक असे शेकडो लहान कारखाने एकेका सुट्या भागात तरबेज झाले. भाग कोणाचाही असो, तो कोणाच्याही सायकलीला बसला पाहिजे, हा या व्यवस्थेचा कणा. अठ्ठावीस इंची चाक आणि दीड इंची टायर हे माप खेड्यापाड्यांतील दुकानात मिळू लागले. इंग्लंडमधील रॅलेची रीत नेमकी याच्या उलट होती. इतर ब्रिटिश कारखाने पायडलच्या आसाच्या कपांना इंचाला चोवीस आटे पाडीत, तेव्हा रॅलेने आपले सव्वीस आट्यांचे वेगळे माप राखले. दोन आट्यांचा हा फरक क्षुल्लक नव्हे. एकदा रॅले घेतली, की त्या जागेचा सुटा भागही रॅलेच्या मापाचाच घ्यावा लागे. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही युक्ती आज भ्रमणध्वनीचे कारखाने वापरतात, तेव्हा आपण तिला नवीन समजतो.

तात्पर्य, जुन्या सायकलीचा खरा गुण तिच्या नावात नव्हता. ती कोठेही, कोणीही, थोड्या हत्यारांनी दुरुस्त करू शके, हा तिचा गुण होता. दोन पाने, एक हातोडी, पंक्चरचे सामान, पाण्याचे घमेले आणि हवेचा पंप एवढ्या भांडवलावर झाडाखाली दुकान चाले. चाकाचा आऊट काढणे, छर्रे बदलून ग्रीस भरणे, कॉटर पिन ठोकून बसविणे, ही कामे पाहूनच मुले शिकत. तंत्रशिक्षणाची ही शाळा बिनफीची होती. तिचा वारसा आपल्या भागाला तरी सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामूअण्णांसह १८८८ साली बेळगावात जो व्यवसाय सुरू केला, तो सायकलींचा होता. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी त्यानंतरची. अमेरिकेतील राइट बंधूही सायकल दुरुस्तीच्या दुकानातूनच विमानाकडे गेले.

आता हळवेपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या काळाची आपण आठवण काढतो, त्या काळी सायकल ही प्रत्येकाची नव्हती. दांडीची उंच सायकल पुरुषासाठी घडविलेली होती. माझ्या आईने सत्तावीस वर्षांत एकदाही ती चालविली नाही, आणि ती शिकण्याची तिला इच्छा आहे काय, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. हा हिशेब बदलला तो पुढच्या काळात, बहुतेक वेळा नाव-गाव नसलेल्या स्वस्त सायकलींनी. बिहार सरकारने २००६ साली हायस्कुलात जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली आणि तिच्यामुळे मुलींची पटनोंदणी वाढली, असे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळतात. त्या सायकली कोणी संग्राहक उद्या शोधीत येणार नाही. पण देशाच्या सामाजिक इतिहासात त्यांचे स्थान हंबर आणि रज यांच्याहून वरचे राहील.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के कुटुंबांकडे सायकल होती. म्हणजे सायकल हा स्मरणरंजनाचा विषय होण्यापूर्वी तो रोजच्या मजुरीचा, शाळेचा आणि दूध-भाजीचा विषय आहे. आज मात्र रस्ते रुंद होत असताना सायकलस्वाराची कड नाहीशी होते. दुकानांत झळकणाऱ्या गिअरच्या महाग सायकलींचे भाग एकमेकींना बसतीलच असे नाही, आणि झाडाखालच्या मिस्त्रीकडे त्यांची हत्यारे नसतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. आपण त्या दिवशी हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी विसरलो.

हळहळीपेक्षा काही सोप्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या यांचा विचार त्यात झाला. सायकलीच्या सुट्या भागांची मापे समान असावीत, हा आग्रह त्यातच जोडावयास हवा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सायकल दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम चालविणे कठीण नाही. आणि प्रत्येक महाविद्यालयात, कचेरीत मोटारींसाठी जागा आखताना सायकलींसाठी छपराचा एक कोपरा ठेवणे, यासाठी तर कोणत्याही समितीची आवश्यकता नाही.

आता आमच्या सायकलीचे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. संग्राहकाला नकार कळविण्याचे मी ठरविले होते. वस्तूचे तुकडे करून विकणे मला अप्रशस्त वाटत होते. अण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, सीट आणि दिवा देऊन टाक. ती सीट पावसात भिजली की चार दिवस टोचायची. मला नाव कुठं हवं होतं? शाळा आठ किलोमीटरवर होती."

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद निवृत्त प्राथमिक शिक्षकाकडून पुन्हा शिकावा लागला. सीट आणि दिवा गेला. आलेल्या पैशांतून मिस्त्रींनी नवे टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील आणि साधी सीट बसविली. सारे सामान लुधियान्याचे. असनसोलच्या त्या सांगाड्याला ते बिनतक्रार बसले. आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारा कॉलेजचा एक विद्यार्थी पहाटे वर्तमानपत्रे टाकतो. सायकल आता त्याच्याकडे आहे. मागील आठवड्यात त्याने स्वतः पंक्चर काढले, असे तो सांगत होता. अण्णांनी त्याला एवढेच विचारले, "मागच्या चाकाचा आऊट काढायला शिकलास का?"