कुस्तीचं पत्रक आणि कुस्तीवरचा पेपर

जत्रांचा हंगाम लागला की अहमदपूरच्या आसपास, पानटपरीच्या फळीवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर पत्रकं चिकटतात. 'कुस्त्यांची जंगी दंगल'. वर ग्रामदैवताचा फोटो, मधोमध बक्षिसांची उतरंड. शेवटची कुस्ती किती हजारांची, ती कोणाकडून, कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ. खतवाल्याचं नाव आतल्या कुस्तीला का सरकलं आणि नवं नाव वर कसं आलं, हे जाणकार एका नजरेत ओळखतो. गावातला पैसा आणि येऊ घातलेली निवडणूक, दोन्ही त्या कागदावर असतात. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या तेवढ्या छापत नाहीत. जत्रा सरली की त्याच कागदात भजी बांधून मिळतात.

जगभर क्रीडा अभ्यास नावाची जी विद्याशाखा उभी राहिली, तिनं अशाच रद्दीला किंमत दिली. खेळाच्या इतिहासाचं एक मोठं नियतकालिक 1984 साली ब्रिटनमध्ये निघालं आणि 1987 मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ द हिस्ट्री ऑफ स्पोर्ट' झालं. रामचंद्र गुहांनी 2002 च्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'मध्ये बाळू पालवणकर पुन्हा उभा केला. हा दलित फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघात हवा असे, पण त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. धावा आणि बळी मोजून हे हाती लागत नाही. जोसेफ ऑल्टर हा अभ्यासक तर बनारसच्या आखाड्यात जाऊन स्वतः मातीत उतरला. त्याचं पैलवानांवरचं पुस्तक 1992 सालचं.

आता आपल्याकडे. माझ्या मोबाइलवर अधूनमधून निरोप येतो: पेपर पाठवा, आठवड्यात छापून प्रमाणपत्रासह मिळेल, फी अमुक. शारीरिक शिक्षणातले असे बरेच पेपर एकाच साच्यातून निघतात. तीस कबड्डीपटू, तीस खो-खोपटू, पन्नास मीटर धाव, लवचिकता, वर 'टी-टेस्ट' नावाची संख्याशास्त्रीय चाचणी, आणि 'लक्षणीय फरक आढळला'. ती साठ पोरं कुठल्या गावची, सरावानंतर काय खातात, मैदान कोणाच्या मालकीचं, याची ओळही नाही. दोष एकट्या प्राध्यापकांवर टाकणं मला पटत नाही. 2010 च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगानं बढतीसाठी 'एपीआय'चे गुण ठेवले. गुण छापण्याला होते, वाचलं जाण्याला नव्हते. मागणी आली, दुकानं उघडली.

दुकानाची पाटी बहुतेक वेळा 'आयएसएसएन'ची असते. हा आठ अंकी क्रमांक. तो नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जा नाही. गाडीच्या नंबर प्लेटवरून चालकाचं कसब थोडंच कळतं! दर्जा ठरतो तो छपाईपूर्वीच्या परीक्षणावर. त्या विषयातला माणूस नाव न कळू देता लेख तपासतो, शंका काढतो, कधी सरळ परत पाठवतो. त्याला महिने लागतात. 'सात दिवसांत' म्हणताच ओळखावं की मधला माणूस गायब आहे.

यावर उतारा शोधला गेला तो पुण्यात. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासली आणि 2018 च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मेमध्ये आयोगानं यादीतून 4,305 नावं काढली. पुढच्या वर्षी त्या जागी 'केअर' यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आता पारख ज्याची त्यानं करायची.

गंमत अशी की पारख असलेलं नियतकालिक आपल्या मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वी काढलं होतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा'. नौली ही योगक्रिया करताना पोटात नेमकं काय होतं? त्यांनी एक्स-रे काढले, मोठ्या आतड्यातला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून बस्ती या योगक्रियेत पाणी आपोआप वर ओढलं जातं. अंकात शास्त्रीय विभाग वेगळा आणि सर्वसामान्य वाचकाचा वेगळा, म्हणजे प्रयोगही आणि घरी करायचा व्यायामही. बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत निघाले, 1936 ते 1949. डाव, पकडी, मल्लखांब, सगळं चित्रांसकट. गुण मिळवायला कोणी दहा खंड काढत नाही.

विषयांची आपल्याकडे वानवा नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. साकोळच्या काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो ग्रीको-रोमन शैलीत, म्हणजे कमरेखाली हात न लावता. मातीतून मॅटवर जाताना शरीराला काय विसरावं लागतं? मातीत निकाल लागेपर्यंत झुंज, मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. दम साठवायची रीतच बदलते. आणखी एक प्रश्न मला बरेच दिवस सतावतोय. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. आखाड्याच्या मातीला तेल, ताक, हळद लागते, पण आधी लागतं पाणी. प्यायला पाणी नसताना तालमीची माती कोणी भिजवली? किती तालमी त्या वर्षी कोरड्या राहिल्या, आणि त्यातली पोरं पुढं काय करू लागली? वस्ताद अजून आहेत, तोवर विचारता येईल. साठ पोरं आणि 'टी-टेस्ट' याला पुरायची नाही. दोन हंगाम फडाच्या कडेला बसावं लागेल, वही घेऊन.

गेल्या वर्षापासून मी पत्रकं जपतोय. भजी घेताना आधी कागद उलटून बघतो. गाडेवाल्याला आता सवय झालीय, माझ्यासाठी तो चार-दोन कोरी बाजूला ठेवतो. एकावर मात्र तेल पसरलंय. शेवटच्या कुस्तीची रक्कम तेवढी दिसते, देणाऱ्याचं नाव डागाखाली गेलंय.